सहकाऱ्याचे लिंगांतर आणि आपले कर्तव्य

तहसील कचेरीत, पंचायत समितीत, शाळेत, एस.टी.च्या आगारात अथवा बाजार समितीच्या आवारात एकत्र काम करणारी माणसे दिवसाचे आठ-नऊ तास परस्परांच्या सहवासात घालवितात. कोणाच्या घरी कोण आजारी आहे, कोणाची मुलगी परीक्षेस बसली आहे, कोणाचे कर्ज फिटावयाचे राहिले आहे, हे सर्व त्यांना ठाऊक असते. अशा माणसांपैकी एकाने एके दिवशी सांगितले की, "आजवर तुम्ही मला बाई म्हणून ओळखत आलात, परंतु मी पुरुष आहे," किंवा "मला पुरुष समजत आलात, परंतु मी स्त्री आहे, यापुढे मला या नावाने हाक मारा," तर शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याने काय करावे? हसावे, तोंड फिरवावे, जागा बदलून मागावी, की काल होता तोच हा सहकारी आहे असे समजून कामाला लागावे?

हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या लोकांचा आहे, सटाण्यात त्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. परंतु या प्रश्नाचा महाराष्ट्रातील सर्वांत गाजलेला दाखला महानगरातला नाही. तो बीड जिल्ह्यातील माजलगावचा आहे. शिवाय मोठ्या शहरात माणूस गर्दीत मिसळून जाऊ शकतो, तालुक्याच्या गावी त्याला ती सोय नसते. सटाण्याच्या कचेरीत सकाळी घडलेली गोष्ट दुपारी ताहाराबाद रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर आणि संध्याकाळी नामपूरच्या बाजारात पोहोचते. म्हणून हा प्रश्न जितका लहान गावचा आहे तितका मोठ्या शहराचा नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माजलगावचा दाखला

ललित साळवे हे पोलीस खात्यात महिला शिपाई म्हणून भरती झाले होते. त्यांचे जुने नाव त्या काळी वृत्तपत्रांतून वारंवार छापले गेले; ते येथे पुन्हा छापण्याचे काहीच कारण नाही. पुढे वैद्यकीय तपासणीत त्यांच्या शरीरात पुरुषाचे गुणसूत्र असल्याचे आढळले व त्यांना शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला. 2017 साली त्यांनी त्यासाठी रजा मागितली आणि शस्त्रक्रियेनंतर पुरुष शिपाई म्हणून सेवेत राहू द्यावे, अशी विनंती केली. खात्याने नकार दिला. पुरुष व महिला शिपायांच्या भरतीचे शारीरिक निकष निरनिराळे आहेत, ही अडचण पुढे करण्यात आली. साळवे मुंबई उच्च न्यायालयात गेले. हा सेवाविषयक प्रश्न असल्यामुळे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे, असे न्यायालयाने सांगितले. अखेर शासनाने परवानगी दिली आणि 25 मे 2018 रोजी मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर पहिली शस्त्रक्रिया झाली. पुढील उपचार 2020 पर्यंत चालले. ते पुरुष शिपायाच्या गणवेशात कामावर रुजू झाले. 2020 च्या फेब्रुवारीत त्यांचा विवाह झाला आणि 2024 च्या जानेवारीत ते एका मुलाचे वडील झाले.

या माणसाने मागितले तरी काय होते? पगारवाढ मागितली नव्हती, बढती मागितली नव्हती. उपचारापुरती रजा आणि जी नोकरी आपण करीत आहोत तीच पुढे करण्याची मुभा, एवढेच त्यांचे मागणे होते. एवढ्यासाठी एका शिपायाला न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, याचा विचार प्रत्येक नोकरदाराने केला पाहिजे.

कोणी म्हणेल, साळवे यांच्या बाबतीत वैद्यकीय पुरावा होता. ज्याच्यापाशी असा पुरावा नाही त्याचे म्हणणे का मानावे? या शंकेचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजीच दिले आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवरील त्या निकालात न्यायालयाने सांगितले की, आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी हे ठरविण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करणे बेकायदेशीर आहे. या निकालाचा आधार होता तो संविधानातील समतेचा, भेदभावबंदीचा, अभिव्यक्तीचा आणि जीविताचा हक्क. 2019 साली संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा केला व तो 10 जानेवारी 2020 पासून अंमलात आला. नोकरीत घेताना, बढती देताना किंवा अन्य सेवाविषयक बाबतीत कोणत्याही आस्थापनेने अशा व्यक्तीशी भेदभाव करू नये, असे त्यात सांगितले गेले. डिसेंबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस शिपायांच्या भरतीत तृतीयपंथी उमेदवारांना अर्ज करता यावा यासाठी राज्य शासनाला हालचाल करावयास लावली. जुलै 2024 मध्ये केंद्रीय वित्त मंत्रालयाने हैदराबाद येथील महसूल सेवेतील एका वरिष्ठ अधिकाऱ्याचे नाव व लिंग सर्व शासकीय कागदपत्रांत बदलण्याचा आदेश काढला. साळवे यांना जे झगडून मिळवावे लागले, ते त्या अधिकाऱ्याच्या बाबतीत एका आदेशाने झाले. मनात आणले तर कागद बदलणे किती सोपे असते, हे यावरून दिसते.

कागद बदलला, माणसे बदलली काय?

परंतु कागद बदलल्याने सर्व काही होत नाही, ही गोष्ट आपल्या समाजाइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? 1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानात नोकरीवर रुजू झाले. नेमणुकीचा हुकूम होता, महाराज सयाजीराव गायकवाड यांची सहानुभूती होती, परदेशी विद्यापीठाची विद्वत्ता होती. तरीही कचेरीतील शिपाई विटाळाच्या भयाने कागदपत्रांच्या फायली त्यांच्या टेबलावर लांबून टाकीत. कचेरीत त्यांना प्यावयास पाणी मिळणे कठीण झाले. राहावयास घर मिळेना, आणि पारशी वसतिगृहातून त्यांना लोकांच्या दांडगाईमुळे बाहेर पडावे लागले. महाराजांचा हुकूम कचेरीच्या दारापर्यंत पोहोचला होता. शेजारी बसणाऱ्याच्या मनापर्यंत तो पोहोचला नव्हता.

ठीक शंभर वर्षांनी, 2017 साली, केरळातील कोची मेट्रोने वीसहून अधिक तृतीयपंथी व्यक्तींना नोकऱ्या दिल्या. त्या निर्णयाचे देशभर कौतुक झाले. परंतु त्यांपैकी कित्येकांनी थोड्याच आठवड्यांत काम सोडले, कारण त्यांना भाड्याने खोली देण्यास कोणी घरमालक तयार होईना. नोकरी आहे पण निवारा नाही, अधिकार आहे पण शेजार नाही. बडोद्याची हीच कथा कोचीत पुन्हा घडली. माणसे निराळी होती, त्यांना दूर लोटण्याची रीत मात्र जुनीच होती.

2011 च्या जनगणनेत लिंगाच्या रकान्यात 'इतर' अशी नोंद असलेल्यांची संख्या देशात 4,87,803 व महाराष्ट्रात 40,891 होती. त्यांच्यातील साक्षरता शेकडा 56 च्या आसपास होती, तर साऱ्या देशाची शेकडा 74 च्या जवळ होती. शाळेत टिकू द्यावयाचे नाही, नोकरीत राहू द्यावयाचे नाही, आणि मग हे लोक बाजारात टाळ्या वाजवून पैसे का मागतात असे विचारावयाचे, हा कोणता न्याय? आपल्या वाडवडिलांनाही पिढ्यान् पिढ्या घाणीची कामे करावयास लावून वर तुम्ही अस्वच्छ का, असेच विचारले जात होते. त्या युक्तिवादातील लबाडी आपण ओळखली. मग तीच लबाडी दुसऱ्याविरुद्ध वापरताना ती आपल्याला दिसू नये काय?

नावाचे मोल

सहकाऱ्याशी वागण्याची पहिली पायरी म्हणजे त्याचे नाव. नावाचे मोल काय असते हे नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांना शिकवावयास नको. कचरू, दगडू, धोंडी अशी नावे ज्यांच्या वाट्याला आली, त्यांनी आपल्या मुलांची नावे राहुल, सिद्धार्थ, गौतमी, संघमित्रा अशी ठेविली. 14 ऑक्टोबर 1956 नंतर कित्येक वर्षे गावातील व कचेरीतील लोक नवे नाव ठाऊक असूनही जुन्याच नावाने, जुन्याच जातीने हाक मारीत. "नाव बदलून काय होते, तू कोण ते आम्हाला ठाऊक आहे," हे वाक्य आपल्या घराघरांतून ऐकलेले आहे. दीक्षेबरोबर केंद्राच्या सवलती गेल्या, त्या बौद्धांना मिळावयास 1990 सालचा कायदा व्हावा लागला. माणूस पुढे जातो आणि कागद मागे रेंगाळतो, याचा चौतीस वर्षांचा अनुभव आपल्या पदरी आहे.

या तुलनेला मर्यादाही आहे. धर्मांतर आपण विचारपूर्वक, निर्णय घेऊन केले. ज्यांचे लिंगांतर होते ते मात्र सांगतात की, हा आमचा निर्णय नव्हे. आम्ही पूर्वीपासून असेच होतो, आता फक्त ते उघडपणे सांगत आहोत. हा फरक ध्यानात ठेवावा. परंतु मान्यता नाकारणाऱ्याचे शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत, हेही ध्यानात ठेवावे.

आपली मराठी भाषा या बाबतीत फार काटेकोर आहे. 'तो आला', 'ती आली'. 'मी गेलो', 'मी गेले'. क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरातसुद्धा लिंग उमटते. त्यामुळे मराठीत सहकाऱ्याविषयी दोन वाक्ये बोलली, तरी त्याचे म्हणणे आपण मानले की नाही, हे लगेच कळते. ज्याने आपण पुरुष असल्याचे सांगितले, त्याला 'भाऊसाहेब' म्हणावे. जिने आपण स्त्री असल्याचे सांगितले, तिला 'ताई' अथवा 'मॅडम' म्हणावे. आणि त्यांच्या पश्चात बोलतानाही तेच क्रियापद वापरावे. तोंडावर 'ताई' आणि पाठ फिरताच 'तो' असे म्हणणे हा दांभिकपणा आहे. जुन्या सवयीने चुकीचा शब्द तोंडून गेला तर तो लगेच सुधारावा आणि पुढे बोलावे. पंधरा मिनिटे क्षमा मागत बसून सर्वांच्या नजरा त्या व्यक्तीकडे वळवू नयेत.

दुसरी गोष्ट, प्रश्नांची. शस्त्रक्रिया झाली काय, शरीरात काय बदल झाले, लग्न कसे होणार, असले प्रश्न एरवी आपण कोणा सहकाऱ्याला विचारीत नाही. मग येथेच ते विचारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? त्याने होऊन काही सांगितले तर ऐकावे, आणि ऐकलेले आपल्यापाशी ठेवावे. दुसऱ्याची खाजगी गोष्ट टपरीवर नेणे हा विनोद नव्हे. एखाद्याची भाड्याची खोली आणि एखाद्याचे घरातील स्थान त्यामुळे जाऊ शकते.

तिसरी गोष्ट स्वच्छतागृहाची. या प्रश्नावर कचेऱ्यांतून सर्वांत अधिक कुजबुज होते. महिला कर्मचाऱ्यांना आपल्या सुरक्षिततेची व संकोचाची काळजी वाटली तर ती हसण्यावारी नेऊ नये. परंतु तिचे उत्तर आतून कडी लागणारे दार, दिवा व पाणी हे आहे, आणि ते पुरविणे कार्यालयप्रमुखाचे काम आहे. एका माणसाने दिवसभर पाणी न पिता बसावे किंवा बाहेर झुडपांमागे जावे, हे उत्तर असू शकत नाही. 1927 साली महाडच्या तळ्यावर ज्यांनी पाण्यासाठी मार खाल्ला, त्यांच्या वारसांनी तरी कोणाला अशा अडचणीत ढकलू नये.

वरिष्ठांची जबाबदारी याहून मोठी आहे. सेवापुस्तक, हजेरीपट, ओळखपत्र, दारावरील पाटी यांतील नोंदी वेळेवर बदलणे, बदललेल्या नावामुळे ज्येष्ठता किंवा बढती अडणार नाही हे पाहणे, आणि सर्व कर्मचाऱ्यांना एकदा स्पष्ट शब्दांत सांगणे की, येथे टिंगल खपवून घेतली जाणार नाही, एवढे केले तरी निम्मे काम होते. सटाणे ज्यांना देवमामलेदार म्हणते ते यशवंतराव भोसेकर हे येथलेच मामलेदार. 1870-71 च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला, असे परंपरा सांगते. त्यांना देव करण्याशी आम्हाला कर्तव्य नाही. परंतु खुर्चीवरील माणसाला नियमांच्या बाडात माणूस दिसला पाहिजे, ही शिकवण घेण्यासाठी देव मानण्याची जरुरीही नाही.

धम्म काय सांगतो?

काही उपासक विचारतील, हे धम्माला धरून आहे काय? विनयपिटकाच्या पाराजिक विभागात एक प्रसंग नोंदलेला आहे. एका भिक्षूच्या देहात स्त्रीची लक्षणे प्रकट झाली. भिक्षूंनी ही गोष्ट भगवान बुद्धांच्या कानी घातली. भगवंतांनी त्या व्यक्तीला संघाबाहेर घालविले नाही, प्रायश्चित्त सांगितले नाही, पूर्वजन्मीचे पापही काढले नाही. उपाध्याय तोच, उपसंपदा तीच, आणि वर्षावासांची गणनाही तीच धरून तिने भिक्षुणींमध्ये जाऊन राहावे, अशी अनुज्ञा दिली. एका भिक्षुणीच्या देहात पुरुषाची लक्षणे प्रकट झाली, तेव्हा तिच्या बाबतीतही असेच सांगितले. आजच्या कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर नेमणूक तीच राहिली, ज्येष्ठता तीच राहिली, केवळ राहण्याची जागा बदलली. माजलगावच्या शिपायाने जे मागितले, ते संघात अडीच हजार वर्षांपूर्वी मान्य झाले होते.

विनयात अन्यत्र काही व्यक्तींना प्रव्रज्या नाकारणारे नियमही आहेत, ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. आणि एखादी गोष्ट ग्रंथात आहे एवढ्यानेच ती मानावी, असेही आम्ही म्हणत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला तसे शिकविले नाही. परंतु एखाद्याच्या देहाविषयी प्रश्न उभा राहिला असता त्याची आजवरची सेवा व साधना पुसून टाकू नये, हे तत्त्व बुद्धीच्या कसोटीला उतरते आणि करुणेच्याही.

कोणी असेही म्हणेल की, असल्या विषयावर आपल्या पाक्षिकातून, कुटुंबातील मुलाबाळांच्या हाती जाणाऱ्या पानांवरून लिहूच नये. 1934 साली र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील लैंगिक विषयांवरील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा त्यांच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरला. परंतु ज्या विषयावर समाज लाजेने तोंड बंद करतो, त्याच विषयावर विचाराने बोलण्याची गरज असते, ही बाबासाहेबांची भूमिका त्यातून स्पष्ट झाली. मुलांना आई-वडिलांनी सांगितले नाही, तर ती रस्त्यावरच्या शिव्यांतून शिकतात. त्यापेक्षा घरी जेवताना शांतपणे सांगावे की, काही माणसे अशीही असतात, आणि त्यांचा मान राखावयाचा असतो.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी पहिल्या पिढीची सरकारी नोकरी आली आहे. त्या खुर्चीपर्यंत येताना कोणी आपल्या पाण्याचा पेला वेगळा ठेवला, कोणी आडनाव विचारून चेहरा बदलला, हे आपण विसरलेलो नाही. त्या आठवणीचे दोन उपयोग होऊ शकतात. आपण वर आलो, आता आपल्याखाली कोणी तरी असावा, असे समाधान मानावयाचे, हा एक. हाच ब्राह्मण्याचा मार्ग आहे, मग तो कोणत्याही घरात पाळला जावो. जे आपण सोसले ते दुसऱ्याला सोसू द्यावयाचे नाही, हा दुसरा. समता, स्वातंत्र्य आणि बंधुता या तीन तत्त्वांपैकी पहिली दोन न्यायालय व सरकार मिळवून देऊ शकते. बंधुता मात्र कोणत्याही हुकमाने मिळत नाही. ती शेजारी बसलेल्या माणसानेच द्यावयाची असते.

म्हणून उद्या सटाण्याच्या एखाद्या कचेरीत, शाळेत वा आगारात कोणी सहकारी नवे नाव सांगून उभा राहिला, तर पुढे होऊन त्या नावाने पहिली हाक आपल्या माणसाने मारावी, दुपारच्या डब्याला त्याला आपल्या शेजारी बसवावे, आणि कोणी टिंगल केली तर तिथल्या तिथे थांबवावी. यास पैसा लागत नाही, न्यायालयाची तारीख लागत नाही, कोणाची परवानगीही लागत नाही. दीक्षाभूमीवर आपण माणसाला माणूस मानण्याचे व्रत घेतले. ते पाळण्याची जागा विहाराइतकीच कचेरीही आहे.